रेशमाच्या कागदांवर उडालेला कारखाना: देपेर्द्युसां, १९१० ते १९१३

२९ सप्टेंबर १९१३ रोजी फ्रान्समधल्या रँस शहराबाहेरच्या मैदानावर मोरिस प्रेव्हो या वैमानिकाने २०० किलोमीटरची शर्यत ५९ मिनिटं ४५.६ सेकंदांत पुरी केली. खांबांना वळसे घालत, जमिनीला जवळजवळ चिकटून. त्याच दिवशी त्याने ताशी २०३.८५ किलोमीटरचा विश्वविक्रमही नोंदवला. ताशी दोनशेचा टप्पा विमानाने ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. विमानाचं नाव देपेर्द्युसां. ज्या अर्मां देपेर्द्युसांचं नाव त्या धडावर रंगवलं होतं, तो मात्र टाळ्या वाजवायला मैदानावर नव्हता. दोन महिन्यांपूर्वीच त्याला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली होती.

ही गोष्ट सहसा अशी सांगतात: एक उत्तम कारखाना होता, त्यात एक हुशार अभियंता होता, विमानं जगात सगळ्यांत वेगवान होती, आणि मालकाच्या लबाडीने सगळ्यावर पाणी पडलं. म्हणजे कारखाना वेगळा आणि लबाडी वेगळी. लबाडी बाहेरून येऊन आदळलेल्या अपघातासारखी. मला हे पटत नाही. तारखा आणि रकमा शेजारी शेजारी मांडल्या की दिसतं ते वेगळंच: लबाडी हेच या कारखान्याचं भांडवल होतं. ती नसती तर ते विमानही बहुधा झालं नसतं. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे.

दलाल आणि अभियंता

देपेर्द्युसां विमानवेडा तरुण वगैरे नव्हता. सुरुवातीला तो फिरता विक्रेता होता. काही काळ ब्रसेल्सच्या कॅबरेत गाणी म्हणायचा असंही सांगतात. पुढे रेशमाच्या दलालीत त्याने बक्कळ पैसा केला, निदान पॅरिसचा तसा समज होता. १९०९च्या जुलैमध्ये ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि पॅरिसला विमानाचं वेड लागलं. त्या नाताळात बों मार्शे या मोठ्या दुकानाला गिऱ्हाईक खेचण्यासाठी एक विमान मांडायचं होतं. ते पुरवण्याचं काम देपेर्द्युसांने घेतलं, आणि त्या खटपटीत त्याची लुई बेशरोशी गाठ पडली. उडण्यासाठी नव्हे, दुकानात टांगून ठेवण्यासाठी केलेल्या वस्तूपासून या धंद्याची सुरुवात झाली. पुढचं सगळं माहीत असल्यामुळे आज हा तपशील जरा जास्तच बोलका वाटतो, हे मान्य.

बेशरो १८८०चा, म्हणजे तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. शांत, कामात बुडालेला माणूस. त्याने आखलेलं पहिलं खरं विमान ऑक्टोबर १९१० मध्ये गियोम ब्यूसोंने पॅरिसजवळ उडवलं. एकच पंख, निमुळतं लांब धड, हलकं वजन. आजच्यासारखे पंखांच्या टोकांना हलणारे पट्टे त्याला नव्हते. वळायचं तर तारा ओढून अख्खा पंखच थोडा पिळायचा. त्यासाठी वैमानिकाच्या मांड्यांवरून जाणारी उलट्या यू आकाराची एक लाकडी कमान होती आणि तिच्यावर मोटारीसारखं चाक. कमान पुढेमागे केली की नाक खालीवर, चाक फिरवलं की पंख पिळला जायचा, आणि पायाने सुकाणू. ही मांडणी इतकी सोयीची ठरली की पुढे अमेरिकी लष्करात चाकाच्या नियंत्रणाला सरसकट ‘डेप’ म्हणू लागले. आजही बोइंगच्या वैमानिकापुढे जे अर्धवट चाक असतं, ते याच कुळातलं.

१९११ साल चांगलं गेलं. युरोपभर फिरणाऱ्या हवाई शर्यतीत रने व्हिदार देपेर्द्युसांवरून तिसरा आला. इंग्लंडच्या शर्यतीत जेम्स व्हॅलेंटाइनही तिसरा आला. तिसरा नंबर ऐकायला फार मोठा वाटत नाही. पण त्या वर्षी शर्यत पुरी करणारे बोटांवर मोजण्याइतकेच असत. बाकीचे शेतात, झाडावर नाहीतर इस्पितळात. रँसजवळ कारखान्याची वैमानिक-शाळा होती. लंडनमध्ये जॉन सिरिल पोर्ट या नौदलातल्या लेफ्टनंटला पुढे करून ब्रिटिश देपेर्द्युसां ही वेगळी कंपनीही निघाली.

तेव्हा विमानातून पैसा कसा मिळायचा

प्रकरणाचा गाभा इथे आहे, पण विमानांच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण हा भाग गाळतात.

१९११ मध्ये विमान कोण विकत घेत होतं? प्रवासी वाहतूक अस्तित्वातच नव्हती. श्रीमंत हौशी लोक एखाददुसरं घेत. शाळेची फी येई. प्रदर्शनं आणि बक्षिसं असत. बक्षिसाचा मोठा वाटा मात्र वैमानिकाकडे जाई, आणि नामांकित वैमानिक फुकट उडत नसत. खरं गिऱ्हाईक एकच: लष्कर. आणि तेही हात आखडून होतं.

त्या वर्षीच्या शरदात फ्रेंच लष्कराने रँसला स्पर्धा घेतली. ३०० किलो भार घेऊन ३०० किलोमीटर न थांबता जायचं, ताशी किमान ६० किलोमीटर वेगाने, तीन आसनांचं विमान, सगळं फ्रेंच बनावटीचं. पहिल्याकडून दहा विमानं घेणार, दुसऱ्याकडून सहा, तिसऱ्याकडून चार. एका विमानाची मूळ किंमत ४०,००० फ्रँक. न्यूपोर पहिलं आलं, ब्रेगे दुसरं, देपेर्द्युसां तिसरं. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत पहिल्या तिघांत येऊन कारखान्याच्या पदरात काय पडलं, तर चार विमानांची मागणी. मूळ किमतीने हिशेब केला तर एक लाख साठ हजार फ्रँक.

हा आकडा लक्षात ठेवू या. पुढे खटल्यात जी फसवणूक उघड झाली ती साधारण तीन कोटी फ्रँकच्या घरातली होती. चाळीस हजाराने भागून पाहा: साडेसातशे विमानांची किंमत. तेवढी विमानं तेव्हा जगातलं कुठलंही लष्कर घेत नव्हतं. ही सगळी रक्कम विमानात गेली असं अर्थातच नाही. रेशमाच्या धंद्यातली देणी होती, झगमगाट होता, आणि अशा प्रकारात नेहमी होतं तसं, आधीचं कर्ज फेडायला नवं कर्ज घेतलेलं असणार. पण आत किती येऊ शकत होतं आणि बाहेर किती जात होतं, यांतलं अंतर त्यातून कळतं.

त्याच स्पर्धेत आन्त्वानेत हा कारखानाही उतरला होता. लव्हाव्हासर हा त्यांचा अभियंता बेशरोच्या तोडीचा. धाडसी म्हणाल तर काकणभर जास्तच. त्याने बाहेरून एकही तार नसलेलं, सगळीकडून झाकलेलं, गुळगुळीत विमान आणलं. कल्पना वीस वर्षं पुढची, वजन मात्र इतकं की ते धड जमीनच सोडेना. मागणी मिळाली नाही आणि थोड्याच काळात कारखाना बुडाला. कसलीही अफरातफर नाही, साधं सरळ दिवाळं. न्यूपोरचं उलट झालं. स्पर्धेच्या तोंडावर, सप्टेंबर १९११ मध्ये, खुद्द एदुआर न्यूपोर अपघातात गेला. तरी कारखाना तगला, कारण आंरी दॉइच द ला मर्त हा खनिज तेलातला गब्बर उद्योगपती पाठीशी उभा राहिला.

थोडक्यात, १९११ ते १९१३ या काळात विमानाचा कारखाना स्वतःच्या कमाईवर चालणं फार अवघड होतं. कुणीतरी दुसऱ्या धंद्यातला पैसा ओतावा लागे. न्यूपोरकडे तेल होतं, देपेर्द्युसांकडे रेशीम. फरक एवढाच की तेल खरं होतं.

करवंटी

१९१२ पर्यंतच्या जवळजवळ सगळ्या विमानांची धडं एकाच पद्धतीने होत: लाकडी दांड्यांची लांबट पेटी, कोनाकोनांत तारा ताणलेल्या, वर कापड. पतंगाची कामट्यांची चौकट डोळ्यांपुढे आणा. भार सगळा कामट्या आणि तारांवर; कापड नुसतं वारा अडवायला.

ऑयजेन र्‍यूशोने नावाचा स्विस तंत्रज्ञ होता, पूर्वी आन्त्वानेतमध्येच काम केलेला. त्याच्या डोक्यात निराळं होतं. भार आतल्या चौकटीवर कशाला, बाहेरच्या कवचावरच घ्यावा. नारळाच्या करवंटीला आतून टेकू लागत नाही. तिचा आकारच तिचं बळ. त्याने सिगारसारखं दिसणारं असं एक विमान बांधलंही, आणि १९१२च्या सुरुवातीला त्याच विमानाच्या अपघातात तो गेला. बेशरोने ती कल्पना उचलली आणि पार शेवटपर्यंत नेली.

कृती ऐकण्यासारखी आहे. धडाच्या अर्ध्या भागाचा एक साचा करायचा. त्यावर ट्यूलिप वृक्षाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने एकावर एक चिकटवायच्या, प्रत्येक थराचे रेषे आधीच्याला आडवे जातील असे. तीन थर मिळून जाडी चारेक मिलिमीटर. वाळलं की साच्यावरून अलगद उतरवायचं. दुसरं अर्धं तसंच. आतल्या फळ्या आणि जोड बसवून दोन्ही अर्धी एकमेकांना चिकटवायची, वर कापड लावायचं, मग वार्निशचे हात द्यायचे आणि घासत बसायचं. हे काम सुताराचं नव्हे, तंतुवाद्य बनवणाऱ्याचं. मिरजेला भोपळ्याला तबली बसवणाऱ्या कारागिराला हे बघून नवल वाटलं नसतं. लागणाऱ्या वेळाचं तर मुळीच नाही.

तोंडाशी ग्नोम कंपनीचं फिरतं इंजिन. या जातीत दांडा स्थिर असतो आणि सगळी नळकांडीच पंख्याबरोबर गरगर फिरतात. थंड व्हायला वेगळा वारा लागत नाही. वंगण म्हणून एरंडेल वापरत, आणि ते परत टाकीत जात नसे. जळून-फेकून सगळं मागे, म्हणजे वैमानिकाच्या तोंडावर. (आपल्याकडे एरंडेलाचा दुसरा उपयोग ज्या पिढीला रविवारी सकाळी भोगावा लागला, तिला त्या वैमानिकांविषयी जास्त आदर वाटेल.) बेशरोने हे तेल उडवणारं चक्र गोल टोपणाखाली घेतलं आणि पंख्याच्या मध्यावर मोठी घुमटी बसवली, जेणेकरून नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड वळण तयार व्हावं.

या सगळ्याने खरोखर किती फरक पडला? एक ढोबळ हिशेब करता येतो. हवेच्या विरोधात वेग वाढवायचा तर ताकद वेगाच्या घनाच्या पटीत लागते. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट. १९१२च्या गॉर्डन बेनेट या आंतरराष्ट्रीय हवाई शर्यतीत या विमानाचा सरासरी वेग ताशी १६९.७ किलोमीटर होता, इंजिन १४० अश्वशक्तीचं. १९१३च्या, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या रँसच्या शर्यतीत वेग २००.८ आणि इंजिन १६०चं. वेग १.१८ पट झाला, म्हणजे तेच विमान असतं तर ताकद सुमारे १.६५ पट लागली असती. प्रत्यक्षात ती सातवा हिस्सा वाढली, निदान कागदावर तरी. बाकीचं बेशरोने हवेकडून वसूल केलं: कवच, घुमटी, आणि छाटून जेमतेम साडेसहा मीटरवर आणलेले पंख. इतके आखूड पंख म्हणजे जमिनीवर उतरताना भलताच वेग. प्रेव्हो एरवी कसा का असेना, त्या दिवशी त्याचे हात नक्की स्थिर होते.

विजय आणि एक-दोन फटके

ज्यूल वेद्रीनने १९१२ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या पो या गावच्या मैदानावर विक्रमांची रांगच लावली: जानेवारीत ताशी १४५, फेब्रुवारीत १६१. शंभर मैलांचा टप्पा तिथेच ओलांडला गेला. वेद्रीन म्हणजे पॅरिसच्या कामगार वस्तीतला मेकॅनिक, तोंडाने फटकळ, लोकांचा लाडका. मध्येच तो लिमूमधून संसदेची पोटनिवडणूक लढवून हरलाही. त्या सप्टेंबरात शिकागोजवळ झालेली गॉर्डन बेनेट शर्यत त्याने जिंकली. यजमान अमेरिकेचं विमान सुरुवातीच्या रेषेवर आलंच नाही. स्पर्धा फ्रेंचांची फ्रेंचांशीच झाली.

त्याच सप्टेंबरात इंग्लंडमध्ये मात्र मोठा फटका बसला. ऑगस्टमधल्या ब्रिटिश लष्करी चाचण्यांत देपेर्द्युसांने कोडी या विमानबांधणी करणाऱ्या वैमानिकाच्या विमानापाठोपाठ दुसरं बक्षीस मिळवलं होतं. विक्री वाढायला हवी होती. ६ सप्टेंबरला हिचिनजवळ एक देपेर्द्युसां हवेत मोडलं आणि दोन ब्रिटिश अधिकारी ठार झाले. चार दिवसांनी ब्रिस्टल कंपनीचं एकपंखी विमान पडून आणखी दोघे गेले. लष्कराने आपल्या तुकड्यांत एकपंखी विमानं उडवण्यावरच बंदी घातली. बंदी काही महिन्यांत उठली, पण ज्या कारखान्याकडे विकायला सगळी एकपंखीच होती त्याला काही महिने म्हणजे खूप. ब्रिटिश कंपनी १९१३ मध्येच बंद पडली. तिची दोन छोटी विमानं ऑस्ट्रेलियाने आपल्या पहिल्या लष्करी वैमानिक-शाळेसाठी, पॉइंट कुकला, घेतली होती. तिथे ती मुख्यतः जमिनीवर पळवून शिकण्यासाठीच वापरली गेली.

मोनाकोची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६ एप्रिल १९१३, समुद्री विमानांसाठीच्या श्नायडर चषकाची पहिलीच शर्यत. दहा किलोमीटरच्या २८ फेऱ्या. प्रेव्होने सगळ्या पुऱ्या केल्या, पण शेवटी रेषेच्या अलीकडेच पाण्यावर उतरला आणि विमान तरंगत रेषेपलीकडे नेलं. पंच म्हणाले, रेषा उडत ओलांडायला हवी होती. आणखी एक फेरी मारा. प्रेव्हो चिडून बसून राहिला. तेवढ्यात आघाडीवर असलेल्या चार्ल्स वायमनच्या न्यूपोरचं तेल गळालं आणि तो शर्यतीबाहेर पडला. मग प्रेव्हो निमूट उठला, पुन्हा उडाला, फेरी मारली आणि जिंकला. रुसव्याचा वेळ धरून सरासरी निघाली ताशी सुमारे ७३ किलोमीटर. जगातल्या सर्वांत वेगवान विमानाची ही नोंद आजही त्या चषकाच्या यादीत पहिली आहे.

ऑगस्ट १९१३

अटकेचं कारण विमानांशी संबंधित नव्हतं. देपेर्द्युसां रेशमाच्या व्यवहारांची कागदपत्रं तारण ठेवून कोंत्वार अँद्युस्त्रिएल ए कोलोनियाल या बँकेकडून कर्ज उचलत होता. कागद बनावट होते.

रेशीमच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कापूस किंवा धान्य तारण ठेवायचं तर गोदामंच्या गोदामं भरलेली दिसायला हवीत. कुणीतरी दारावरून जाताना बघतंच. रेशीम तसं नाही. थोडक्या जागेत अफाट किंमत, गठ्ठा उघडून बघायला जाणकार लागतो, आणि माल सतत हातोहाती फिरत असल्याने ‘आज तो इथे नाही’ हे उत्तर संशयास्पद वाटत नाही. बँक मालावर विश्वास ठेवत नव्हती, माणसावर ठेवत होती. माणूस विश्वासार्ह वाटावा म्हणून मग काय लागतं? तर ज्याचं नाव दर आठवड्याला वर्तमानपत्रात येतं, ज्याच्या विमानाने शिकागोत आणि मोनाकोत फ्रान्सचा झेंडा लावला, असा माणूस. मला वाटतं, विमानं हा देपेर्द्युसांसाठी केवळ खर्च नव्हता. तीच त्याची पत होती. कर्जातून विजय यायचा आणि विजयातून पुढचं कर्ज. ऋण काढून सण करणारे पुष्कळ असतात. इथे सण बघूनच पुढचं ऋण मिळत होतं.

हा माझा अंदाज आहे, पण त्याने एक कोडं सुटतं: जो कारखाना लष्कराला मोजकीच विमानं विकू शकत होता, त्याने सगळी बुद्धी आणि हातकाम अशा शर्यतीच्या विमानात का ओतलं, जे लष्कराला कधीच घेता आलं नसतं? एकाच माणसाचं, खडबडीत मैदानावर उतरता न येणारं, बांधायला प्रचंड वेळ खाणारं. विमान विकून जगणाऱ्या मालकाने बेशरोला केव्हाच सांगितलं असतं की बाबा, आता पुरे, ती दोन आसनी विमानं नीट कर. विजय विकून जगणारा मालक तसं सांगणार नव्हता.

बेशरोला हे ठाऊक होतं का? खटल्यात तो आरोपी नव्हता. त्याला साचे मिळत होते, लाकूड मिळत होतं, इंजिनं मिळत होती. तिशीतला अभियंता अशा वेळी हिशेबाची वही मागत नाही, आणि मागावी अशी अपेक्षा करणं मला जरा ढोंगीपणाचं वाटतं.

अटकेनंतर कारखाना लगेच बंद पडला नाही. देणेकऱ्यांच्या देखरेखीखाली काम चालू राहिलं, वैमानिक थांबले, आणि सप्टेंबरअखेर रँसचा तो पराक्रम झाला. दुसरा आला एमिल वेद्रीन, पोनिए विमानावर. ताशी २०३.८५चा तो अधिकृत विक्रम पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत कुणी अधिकृतपणे मोडलाच नाही. पुढची नोंद थेट फेब्रुवारी १९२०ची आहे.

‘डी’

१९१४ मध्ये ब्लेरिओच्या पुढाकाराने एका गटाने कारखाना विकत घेतला. बेशरो आणि त्याचा सहकारी एर्बेमों आतच राहिले. आद्याक्षरं लोकांच्या तोंडी बसली होती, ती टाकायची नव्हती. पण त्यांतलं नाव तर टाकायचंच होतं. आधीचं पूर्ण नाव सोसिएते द प्रोद्युक्सियों देझ आएरोप्लान देपेर्द्युसां. नवं नाव जुळवलं: सोसिएते पुर लाव्हियासियों ए से देरिव्हे. दोन्हींची अक्षरं तीच, स्पॅड.

युद्ध सुरू झालं तेव्हा देपेर्द्युसांची दोन आसनी विमानं फ्रान्सच्या दोन हवाई तुकड्यांत होती. ती लवकरच मागे पडली. बेशरोचा पुढचा प्रयोग भीषण होता: १९१५च्या ए-२ मध्ये बंदूकधाऱ्याला पंख्याच्या पुढे एका टोपलीत बसवलं होतं. विमान नाकावर आलं की त्या माणसाचं काय होई हे लिहायला नको. तरी अशी शंभरेक बांधली गेली. मग इस्पानो-स्वीसा कंपनीचं नवं इंजिन हाती आलं आणि १९१६ मध्ये स्पॅड-७, १९१७ मध्ये स्पॅड-१३. एकट्या तेराव्या नमुन्याची ८,४०० हून अधिक विमानं झाली. फ्रान्सचा नामांकित लढाऊ वैमानिक गिनमेर ती जात उडवत होता, अमेरिकेचा रिकेनबॅकर उडवत होता, इटलीचा बाराक्काही. बाराक्काच्या विमानावरचा उधळता घोडा आज फेरारीच्या गाड्यांवर दिसतो.

आता गंमत बघा. या हजारो विमानांपैकी एकालाही ती करवंटी नव्हती. बेशरो मुकाट लाकडी पेटी, तारा आणि कापडाकडे परतला होता. युद्धात हजारांनी विमानं हवी होती, ती फर्निचरच्या कारखान्यांतूनही बांधून घ्यावी लागत होती. साच्यावर तीन थर चिकटवून घासत बसायला वेळ कुणाला? कवचाच्या धडाचा संसार उभा केला तो समोरच्या बाजूने. जर्मनीच्या रोलांड सी-२चं धड साच्यावर पातळ पट्ट्या गुंडाळूनच होई, आणि अल्बाट्रॉसच्या लढाऊ विमानांना प्लायवूडचं कवच होतं. १९१७ मध्ये फ्रान्सवरच्या आकाशात स्पॅड आणि अल्बाट्रॉस समोरासमोर येत, तेव्हा देपेर्द्युसांची माणसं एका बाजूला होती आणि त्याचं धड, जवळच्या नात्याने का होईना, दुसऱ्या. खुद्द १९१३चं शर्यतीचं विमान पॅरिसजवळ ल बुर्जेच्या संग्रहालयात आहे.

देपेर्द्युसांचा खटला उभा राहायला मार्च १९१७ उजाडला. पाच वर्षांची शिक्षा झाली, पण पहिलाच गुन्हा म्हणून ती स्थगित ठेवून त्याला सोडण्यात आलं. विमानाच्या धंद्यात तो परत आला नाही. जून १९२४ मध्ये त्याने आत्महत्या केली. खटला चालू होता त्या मार्चमध्ये आघाडीवरच्या प्रत्येक स्पॅडच्या नावात त्याचं ‘डी’ अजून होतंच. फक्त त्याचा अर्थ आता देरिव्हे असा होता: विमानांबरोबरच्या इतर अनुषंगिक वस्तू.